दोन घटिका आणि दहा किलोमीटर

गेल्या वर्षीचा डिसेंबर, तारीख एकवीस, रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम सातशे रुपये. हजर असलेले चौघे : मी, माझी बायको त्रिशला, माझी आई, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो आणि जी मला जिनू म्हणते, आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मिलिंद. मिलिंद हजर होता कारण फोन त्याचा होता, आणि पळण्याच्या शर्यतीत नाव कसं नोंदवतात हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"वय बावन्न," तो मोठ्यानं वाचत भरत होता. "रक्तगट बी पॉझिटिव्ह. टी-शर्ट कुठल्या मापाचा, आण्णा?"

"एक्सएल टाक," त्रिशला आतून म्हणाली. "आन् काय हो, पळायला सातशे रुपये? कळंब्याच्या बांधावर रोज फुकट पळताय की!"

यंदाची थंडी सुरू झाली आणि ही तारीख पुन्हा आठवली. परवा पहाटे कळंबा तलावावर गेलो तर पाण्यावरून वाफ निघत होती, बांधाच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि लांब रस्त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येत होती. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडची हवा गोडसर होते. गुऱ्हाळावरची रस आटवायची काहील तापली की त्या वासानं घसा आणखी कोरडा पडतो, हे मला गेल्या वर्षीच कळलं. त्याआधी पन्नास हिवाळे मी हा वास पांघरुणातून घेतला होता.

मी दुधाचं फॅट मोजतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम. गावोगावच्या दूध संस्थांचे नमुने येतात, मी फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाची घनता, काढतो आणि आकडा लिहितो. सहा पॉइंट चारच्या जागी सहा पॉइंट तीन लागलं तर माणसं भांडायला येतात, म्हणून मी प्रत्येक आकडा दोनदा बघतो. ती सवय घरीही आली. गॅसची टाकी किती दिवस गेली, चप्पल किती महिने टिकली, सगळं मला माहीत असतं. पण स्वतःच्या छातीत किती हवा शिल्लक आहे, ते कधी मोजलं नव्हतं.

ते मोजलं गेलं हुपरीच्या बसमुळे. हुपरीला त्रिशलाचं माहेर, तिच्या भावाचा पैंजणांचा कारखाना घरातच आहे. तिथल्या एका बारशाला मी एकटाच निघालो होतो आणि स्टँडवर पोचलो तेव्हा बस हलली होती. पळालो. तीस पावलं असतील, फार तर पस्तीस. बस मिळाली, पण बोलणं गेलं. कंडक्टर समोर उभा.

"पावणं, कुठलं देऊ?"

मी तोंड उघडलं, आवाज नाही. हातानं थांब म्हणून खूण केली.

"आवो बोला की! कागल? इचलकरंजी? का नुसतंच हवा खायला बसलाय?"

उजळाईवाडी आली तेव्हा मला 'हुपरी' म्हणता आलं. सगळी बस हसली, मीही हसल्यासारखं केलं. पण तीन अक्षरं बोलायला मला किती वेळ लागला हे मी घड्याळात बघितलं होतं, आणि तो आकडा कुणालाच सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाळीचं सामान आणायच्या यादीखाली मी लिहिलं, 'बूट'. पहिल्या सकाळी बांधावर एकशे चाळीस पावलं पळालो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एकशे साठ. दर दिवशी वीस पावलं वाढवायची असं ठरवलं, आणि आठव्या दिवशी गुडघा दुखला तेव्हा चार दिवस एकही वाढवलं नाही. मिलिंद तीन वर्षं पळतो. त्यानं मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे सावकाश पळणं. "शेजारच्याबरोबर बोलता आलं पायजे, आण्णा. बोलता येत न्हाय म्हणजे तुम्ही जास्त जोरात हाय." बसमधला प्रकार आठवून मी मान हलवली. त्यानंतर आम्ही पळताना बोलत असू. तो सांगायचा मुलीच्या शाळेचं, मी सांगायचो कुठल्या संस्थेच्या दुधात पाणी आहे असं मला वाटतं ते. वाटेवरच्या कळंबा तुरुंगाच्या भिंतीच्या कडेनं जाताना दोघंही गप्प बसायचो, का ते माहीत नाही.

डेअरीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. नमुने घेऊन येणारे लोक रांगेतूनच ओरडायचे, "आण्णा, तुमचं स्वतःचं फॅट किती लागलं आज?"

"साडेसहा," मी म्हणायचो.

"म्हणजे म्हशीचं हाय अजून!"

इथपर्यंत सगळं सरळ होतं. अडचण होती ती नेमाची.

आम्ही जैन. रात्रीचं जेवण आमच्या घरी कधीच नव्हतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण भाद्रपदात, दशलक्षण पर्वात, बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, प्रवचनानंतर महाराजांनी विचारलं की वर्षभरासाठी कोण कोणता नेम घेणार. कुणी बटाटा सोडला, कुणी मोबाईलवरचा खेळ. मी हात वर केला आणि म्हणालो, सूर्योदयानंतर दोन घटिका होईपर्यंत मी तोंडात काही घालणार नाही, पाणीसुद्धा. लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला बसलेली अव्वा मात्र माझ्याकडे बघत राहिली. हा नेम ती पन्नास वर्षं पाळते.

हात वर करण्याआधी मी काय केलं होतं, ते आता लिहायला हरकत नाही. दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सूर्योदयाच्या वेळा छापलेल्या असतात. वर्षातला सगळ्यांत उशिराचा सूर्योदय जानेवारीत, सात वाजून सोळा मिनिटांनी. त्यात अठ्ठेचाळीस मिळवले की आठ-चार. आणि मी उठतो साडेसातला, चहा घेतो सव्वाआठला. म्हणजे तीनशे पासष्ट दिवसांत हा नेम एकदाही माझ्या चहाच्या आड येत नव्हता. ही बेरीज मी प्रवचन चालू असताना केली होती.

मग मी पळायला लागलो, साडेपाचला उठायला लागलो, आणि ती बेरीज माझ्यावरच उलटली. सव्वासातला घामानं भिजून घरी यायचं आणि आठपर्यंत पाण्याच्या माठाकडे बघत बसायचं. रंकाळ्याच्या बाजूला कधी पळायला गेलो तर कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध ग्लासात देत असत, तालमीतली पोरं ते एका दमात संपवत. मिलिंद माझ्यासमोर प्यायचा नाही, पाठ वळवून प्यायचा, ते जास्त वाईट वाटायचं.

"नुसती चूळ भरा आन् थुका की," तो एकदा म्हणाला.

"चूळ भरली की दोन थेंब जातातच."

"दोन थेंबांनं काय हुतंय?"

"दुधात दोन थेंब पडले तरी मला कळतंय. मग घशात पडल्यालं कळणार न्हाय व्हय?"

त्यानं मला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, संध्याकाळी आणि झोपताना भरपूर पाणी प्या, थंडीत तासभर सावकाश पळायला हरकत नाही, पण गरगरलं तर तिथंच थांबायचं, नेम सांभाळत पडून राहायचं नाही. मी हो म्हणालो आणि रात्री चार ग्लास पाणी पिऊ लागलो. त्यामुळे रात्री दोनदा उठावं लागे. त्रिशला म्हणायची, "धर्म करताय का माझी झोप मोडताय?"

त्या पाऊण तासाच्या वाट बघण्यात मी अव्वाला पहिल्यांदा नीट बघितलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सकाळी अंघोळ करून मागच्या दारात स्टुलावर बसते, हातात जपमाळ, बाजूला गाळून उकळलेल्या पाण्याचा तांब्या. समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी आहे. ऊन टाकीच्या झाकणावरून उतरत उतरत खालच्या कडेला आलं की अव्वा तांब्या उचलते. घड्याळ बघत नाही. मी बघायचो. ती रोज माझ्या कॅलेंडरच्या आधी पाणी प्यायची. कधी आठ मिनिटं, कधी नऊ. मला वाईट वाटलं. नजर कमी झाली असणार, बिचारीचा नेम रोज मोडतोय आणि तिला पत्ता नाही. या वयात सांगून काय करायचं, म्हणून मी गप्प बसलो. त्रिशलालाही बोललो नाही. आपण फार समजूतदारपणा केला असं त्या वेळी वाटलं होतं.

आता पुन्हा त्या एकवीस तारखेकडे येतो. नाव नोंदवण्याआधी मी कागदावर तीन शर्यती मांडल्या होत्या. पहिली डिसेंबर अखेरची, डोंगरातली, सुटणार पावणेसहाला. ती पहिल्याच वेळी नको असं मिलिंद म्हणाला. दुसरी कोल्हापुरातली, जानेवारीत अठरा तारखेला, दहा किलोमीटर, सुटणार साडेसहाला, मुदत नव्वद मिनिटं. आठ वाजले की रस्ता वाहनांना खुला, आणि मागं राहिलेल्यांना टेम्पोत घालून आणणार. तिसरी फेब्रुवारीत आजऱ्याच्या बाजूला, तीही दहाच, पण सुटणार साडेसातला आणि मुदत दोन तास. आजऱ्याच्या शर्यतीत अर्ध्या वाटेच्या आतच माझ्या दोन घटिका पूर्ण होत होत्या. पुढं प्रत्येक टेबलावर पाणी पिता येणार होतं. कोल्हापूरच्या शर्यतीत मुदत संपणार आठला आणि माझं पाणी सुटणार आठ-चारला. म्हणजे पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत कोरडं. शिवाय सरावात माझी दहा किलोमीटरची सगळ्यांत चांगली वेळ होती एक्क्याण्णव मिनिटं. म्हणजे टेम्पो.

मी मिलिंदला म्हणालो, "आजरा. हिशोबात तेच बसतंय." आणि का बसतंय ते कागद दाखवून सगळ्यांना समजावलं. सूर्योदय, अठ्ठेचाळीस, अंतर, वेग. माझ्या मते मांडणी उत्तम होती.

अव्वा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नेम घेतलास त्या दिवशीबी आसंच मांडलं हुतंस न्हवं?"

"काय मांडलं हुतं?"

"तुझा च्या सव्वाआठला आसतोय. मला काय ठावं न्हाय व्हय? बस्तीत हात वर केलास तवाच मी म्हटलं, ह्यो नेम न्हवं. ह्यो जिनूचा हिशोब हाय."

मिलिंदनं फोनकडे बघितलं. मला बावन्नाव्या वर्षी कान गरम झाल्याचं जाणवलं. अव्वानं मेथीची जुडी संपवली आणि दुसरी घेतली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, मी फॅटचा आकडा सांगतो तसं तिनं सांगितलं होतं.

"कोल्हापूरची भर," मी मिलिंदला म्हणालो.

"आण्णा, दीड मिनिट कमी करावं लागंल. बिनपाण्याचं."

"भर म्हटलं की."

त्याच वेळी त्रिशला ते सातशे रुपयांचं बोलली, मी पैसे मिलिंदच्या हातात ठेवले, आणि अठ्ठावीस दिवस उरले.

त्या अठ्ठावीस दिवसांतलं फार सांगण्यासारखं काही नाही. पळालो. संक्रांतीच्या सुमाराला इतकी थंडी होती की कानावर मफलर बांधून पळत होतो आणि दोन किलोमीटरनंतर तो कमरेला बांधत होतो. बांधावर रोज भेटणारे एक निवृत्त मास्तर मला बघून छडी वर करायचे आणि ओरडायचे, "चला, चला, घंटा झाली!" एका सकाळी पोटरीत पेटका आला आणि रस्त्याच्या कडेला बसलो, तर ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "पावणं, बसताय काय मोळीवर?" मी हसलो, नाही म्हणालो, उठलो. एक्क्याण्णवची नव्वद झाली, आणि नव्वदवर अडकली. शर्यतीआधीच्या शेवटच्या सरावातही नव्वद. नव्वद म्हणजे टेम्पोच्या दारात एक पाय.

अठरा तारखेला मैदानावर दिवे लावले होते, अंधार होता, आणि शेकडो माणसं जागच्या जागी उड्या मारत होती. त्रिशला आणि अव्वा साडेसातच्या सुमारास रिक्षानं येणार होत्या. मी म्हणालो होतो अव्वाला थंडीत कशाला, पण ती म्हणाली, "मी येणार हाय."

शिट्टी झाली. पहिले दोन किलोमीटर मी सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. तीनच्या खुणेला पहिलं टेबल. कॉलेजची मुलगी पेला घेऊन माझ्याबरोबर चार पावलं पळाली. "काका, पाणी! घ्या की काका!" मी मान हलवली. "उपास हाय काय?" तिनं मागून विचारलं. मी हात वर केला, त्याचा तिनं काय अर्थ घेतला कोण जाणे.

शहर संपलं, उसाची शेतं लागली. पाचच्या खुणेच्या थोडं आधी उजाडत होतं ते एकदम उजळलं, आणि डावीकडं उसाच्या तुऱ्यांवर सूर्याचा गोळा आख्खा वर आलेला दिसला. मी घड्याळ बघितलं. सात बारा. कॅलेंडरप्रमाणे सूर्य उगवायला अजून चार मिनिटं होती. मी विचार केला, घड्याळ मागं पडलेलं दिसतंय. सूर्य समोर होता, सगळ्यांना दिसत होता, आणि मला चूक सापडली ती घड्याळात. नंतर हे मिलिंदला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला.

आठच्या खुणेला सात एक्केचाळीस. एकोणीस मिनिटं, दोन किलोमीटर. जीभ टाळूला चिकटत होती. कुणीतरी पिऊन टाकलेले पेले रस्त्यावर पडले होते आणि त्यांतलं उरलेलं पाणी डांबरावर पसरलं होतं, मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं. पुढं बघायचं असं ठरवलं आणि विजेचे खांब मोजायला लागलो. पुढचा खांब, मग त्याच्या पुढचा. नवव्या किलोमीटरला मागून टेम्पोचा आवाज आला. त्यात बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती, "या की आत, जागा हाय!" मला आवाज काढता आला असता तर मी काहीतरी म्हणालो असतो. आवाज नव्हता, म्हणून पाय उचलले. हुपरीच्या बसमागं पळालो होतो त्यापेक्षा जोरात, आणि या वेळी बस मागं होती.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा सात सत्तावन्न. सत्त्याऐंशी मिनिटं. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. त्रिशला बाटलीचं झाकण उघडूनच आली.

"घ्या."

मी घड्याळ दाखवलं. "आठ-चार."

"अवो, तोंड बघा जरा! मडं दिसतंय! झाली न्हवं शर्यत?"

"शर्यत झाली. नेम व्हायचाय."

मी फरसबंदीच्या कडेला बसलो. गरगरत नव्हतं, ते दोनदा तपासून बघितलं. अव्वा शालीत गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर तिचा तांब्या. ती मंडपाच्या वर आलेल्या सूर्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. बाजूला मिसळीची कढई तापली होती. माणसं बाटल्या उपडी करून डोक्यावर ओतत होती. सात मिनिटं हा वेळ मी रोज कितीतरी वेळा घालवतो, दाढी करायला मला तेवढाच लागतो. त्या दिवशी त्यातलं प्रत्येक मिनिट मी बघितलं.

आठ-चार झाले. मी बाटली तोंडाला लावली आणि खाली ठेवली तेव्हा रिकामी होती. मान खाली आणली तर समोर अव्वा तांब्यातून पाणी पीत होती. सावकाश, सगळं.

रिक्षात बसल्यावर ते माझ्या डोक्यात आलं.

"अव्वा, तू आत्ता प्यालीस? रोज तर तुझं आधी हुतंय."

"हुतंय की. बस्तीतल्या फळ्यावर आजचा येळ सात-पंचावन्न लिवलाय. पुजेचं उपाध्ये रोज लिवत्यात. इथला सूर्य सात-सातला येतोय."

"कॅलेंडरात सात-सोळा हाय."

"त्यो मुंबईचा. खाली बारीक अक्षरात लिवल्यालं आसतंय म्हणं. तू काय वाचलं न्हाईस व्हय कधी?"

दुधाच्या प्रत्येक नमुन्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी अठ्ठावीस वर्षं वाचतोय.

"मग तिथं बोलायचं की, अव्वा! मी तिथं घसा वाळवत बसलोय!"

"बोलले आसते तर तू प्याला आसतास," अव्वा म्हणाली. "तू थांबलास. म्हटलं, थांबू दे. घरी तू माझ्या पाठीमागं आसतोस, दिसत न्हाईस. हितं समोर बसलास, मग मला एकटीला कसं पाणी जाईल?"

त्रिशलानं तोंडाला पदर लावला. रिक्षावाला आरशातून बघत होता. अव्वा पदकाची फीत बोटांत घेऊन कापड कसलं आहे ते बघत होती.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा कॅलेंडर काढून खिडकीत नेलं. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा मुंबईच्या'. सगळा हिवाळा मी मुंबईच्या सूर्यानं उपाशी राहिलो होतो, आणि अव्वाची नजर कमी झाली म्हणून तिला माफ करत होतो.

परवा मिलिंद पुन्हा फोन घेऊन आला होता. तीच शर्यत, तेच मैदान. भाद्रपदात मी पुन्हा हात वर केला आहे, आणि वेळा आता बस्तीतल्या फळ्यावरून घेतो. या नोंदीतलं गेल्या वर्षीचं एवढंच लिहायचं राहिलं होतं. सातशे रुपये, शर्यतवाल्यांना. नव्वद रुपये, जाता-येता रिक्षाला. आणि सात-पंचावन्न ते आठ-चार, अशी नऊ मिनिटं, दोघांची. माझ्या नऊतली दोन पळण्यात गेली, सात बसून, आणि ती माझ्याच चुकीची होती, ती धरत नाही. दुसरी नऊ प्लास्टिकच्या खुर्चीत, थंडीत, भरलेला तांब्या मांडीवर ठेवून. देणार अव्वा. घेणार मी.